तुझ्या नावावर आलेली नोटीस

अगं ऐक. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने कोरे कागद आणून दिलेत. म्हणाला, "मास्टर, अक्कांबद्दल चार ओळी लिहून द्या, अंकात घालतो. जन्म, शिक्षण, स्वभाव, असं." मी म्हटलं, जन्म खानापूरचा, शिक्षण सातवी, स्वभाव तिखट. झालं की. उरलेल्या कागदांचं काय करू? तो हसला नाही. दुःखाच्या घरात हसू नये म्हणून त्याने तोंड आवळलं असेल. तू असतीस तर खो खो हसली असतीस.

म्हणून तुलाच लिहितो. लोकांना तुझ्याबद्दल सांगणं मला जमायचं नाही. तुझ्याशी बोलणं जमतं, म्हणजे भांडणं. लिहिणं कसं आहे ते तुला माहीत आहे. मी कन्नड शाळेतला तिसरी नापास, मराठी अक्षरं तूच शिकवलीस, तीही लग्नानंतर, मशीनवर बसल्या बसल्या. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत मी नावं लिहायचो आणि तू मागून बघून म्हणायचीस, "अहो, हा माणूस आहे का बटण?" आमच्या घरातली मराठी ऐकून पहिल्या महिन्यात तू माझ्या आईलाच म्हणाली होतीस, "तुमची मराठी म्हणजे कन्नडला लुगडं नेसवलंय." आई आठ दिवस बोलली नाही. मला मात्र मनातून पटलं होतं. ते तुला सांगितलं नाही. असलं बरंच सांगितलं नाही.

पण एक सांगायचं राहिलंय त्याचा मला त्रास होतो आहे. तुला जाऊन दीड महिना झाला. जेवायला बसलो की तेच येतं समोर.

घराची नोटीस.

तुला नोटीस पाठ होती, तरी सांगतो, कारण वाचणाऱ्या लोकांना माहीत नाही. आपण या घरात खालच्या मजल्यावर एकेचाळीस वर्षं भाड्याने. पुढच्या खोलीत माझी मशीन, मागे आपण. घर मालकीण अज्जीचं. अज्जीने करार करतानाच सांगितलं होतं, "मास्टर भांडकुदळ आहे, करार अक्काच्या नावावर करायचा." मी तिथेच बसलो होतो. तोंडावर बोलायची ती. तेव्हापासून करार तुझ्या नावावर, पावत्या तुझ्या नावावर, मी नुसता घरात राहणारा माणूस. अज्जी गेली आणि घर तिच्या मुलाकडे, रवीकडे आलं. रवी जयनगरला राहतो. त्याला हे पाडून चार मजले चढवायचेत. त्याचा तो हक्क आहे, नाही म्हणत नाही. पण त्याने समोर येऊन सांगितलं नाही. ज्येष्ठात रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस पाठवली. पाच महिन्यांचं भाडं थकलंय, पंधरा दिवसांत घर खाली करा.

मी नोटीस बघून हात-पाय गाळून बसलो. तू चष्मा लावलास. दोन दिवस ती नोटीस, जुना करार आणि पावत्या मशीनच्या टेबलावर पसरून बसली होतीस, मला पँट कापायला जागा नव्हती. इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायचीस. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम हसायला लागलीस. मला वाटलं, झालं, डोकं फिरलं.

"अहो, ही नोटीस आपल्याला नाहीच."

"मग कोणाला?"

"कबुतरांना. वरच्या मजल्याचं घर लिहिलंय. वरचं घर दोन वर्षं रिकामं आहे. कबुतरांनी पाच महिन्यांचं भाडं थकवलंय म्हणून त्यांना काढतोय रवी."

मग तू एकेक काढत गेलीस. थकलेले म्हणून जे महिने लिहिले होते, त्यांतल्या तीन महिन्यांच्या पावत्यांवर रवीचीच सही. उरलेले दोन अज्जीच्या आजारपणात आपण आधीच दिलेल्या पैशांतून वळते केलेले, तेही तिच्या हाताने पावतीच्या मागे लिहिलेलं. आपला भाड्याचा महिना पाच तारखेला सुरू होतो, नोटिशीत एक तारीख धरलेली. आणि घर सोडायचा दिवस आषाढात. त्याला तू सगळ्यात जास्त हसलीस. "कन्नडिग माणूस आषाढात घर बदलायला सांगतोय! याच्या आईने याला काय शिकवलं? आषाढ अशुभ, त्यात कोण सामान हलवतं या गावात? टेंपोवालासुद्धा येणार नाही."

मी तुझ्याकडे बघत होतो. सातवी शिकलेली बाई. कौतुक वाटलं. म्हटलं मात्र, "चहा टाक आता, फार झालं वकिलीपण."

मग आपण एका वकीलबाईकडे गेलो. ती धारवाडकडची, तिचं बोलणं तुला आवडलं. "की हो, की हो" म्हणायची आपल्यासारखंच. तिने तू काढलेल्या चुकांवर लाल खुणा केल्या आणि मलाच बजावलं. "मास्टर, ह्या चुका आपल्या हातात ठेवायच्या. उत्तरात फक्त लिहायचं, मागणी मान्य नाही. काय चुकलंय ते आत्ता सांगायचं नाही की हो. ह्याच नोटिशीवर ते कोर्टात गेले तर केस उभी राहणार नाही, परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. आत्ता सांगितलं तर ते दुरुस्त करून दुसरी पाठवतील. गप्प बसणं हाच तुमचा बचाव."

येताना ऑटोत तू म्हणालीस, "एवढं एक करा. तोंड उघडू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर भीती नव्हती."

तेव्हा तुला दम लागत होता, ऑटोतून उतरून दारापर्यंत येताना दोनदा थांबलीस. मी म्हटलं गुडघे. तूही म्हणालीस गुडघे.

आता ऐक.

त्या शनिवारी तू बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला गेली होतीस. घरासाठीच लावत होतीस ना? माझ्याशी बोलली नाहीस, पण पिशवीत लिंबं मोजताना मी बघितलं. तू गेलीस आणि रवी आला. हातात पँट! नोटीस पाठवून दहा दिवस झाले नव्हते आणि हा पँट घेऊन दारात. मुलीकडे परदेशात चाललोय, कंबर आवळतेय, स्वल्प ढिली करून द्या, मास्टर. लहानपणापासून त्याचे कपडे मीच शिवले. त्याला दुसरीकडे जायची सवय नाही आणि मलाही त्याला नाही म्हणायची नाही. मी पँट घेतली. आत मार्जिन होतं, जादा कापड, मीच ठेवलेलं, लग्नानंतर हा सुटणार हे मला तेव्हाच दिसत होतं. त्याला उभा केला, टाचण्या तोंडात धरल्या, कंबर मापली.

तो वरून म्हणाला, "मास्टर, नोटिशीचं मनावर घेऊ नका. नियमाप्रमाणे द्यावी लागते. तुम्हाला त्यातलं काय कळणार, अक्काला विचारा, त्या समजावतील."

तुम्हाला त्यातलं काय कळणार.

मी टाचण्या तोंडातून काढल्या. अगं, त्या तोंडातच ठेवल्या असत्या तर! मी म्हटलं, "मला कळतं सगळं. तुझ्या वकिलाला माप घेता येत नाही. घर खालचं आणि नोटीस वरच्याची. महिने चुकलेत, सह्या तुझ्याच आहेत त्यांवर. तारीख चुकलीय. आणि आषाढात घर खाली करायला सांगतोस, तुझी आई वरून बघत असेल. मी असं शिवलं असतं तर तू कपडा तोंडावर फेकला असतास."

सगळं सांगितलं. तू दोन दिवस बसून जे काढलंस ते मी माझं म्हणून सांगितलं. अक्काने काढलं असं एका शब्दाने म्हटलं नाही. त्याचं तोंड बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तो शर्ट खोचायला लागला. मग म्हणाला, "सरी, ठीक आहे मास्टर. बरं झालं सांगितलंत." पँट संध्याकाळी घेऊन गेला. शिलाई मी घेतली नाही. कशाचा तोरा होता मला?

तू परत आलीस तेव्हा कुंकवाचा पुडा माझ्या हातात दिलास. "कोण आलं होतं?" म्हणालीस. मी म्हटलं, "कोणी नाही. एक कंबर ढिली करायची होती."

त्यानंतर नवव्या दिवशी तुला दवाखान्यात ठेवलं. गुडघे नव्हते, छातीत पाणी होतं. मी डॉक्टरला विचारलं, आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, "आता ते कशाला." म्हणजे आणायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तू नाकावरची नळी बाजूला करून बोललीस. मी रागावलो, नळी लाव म्हटलं. तू म्हणालीस, "घराची काळजी नाही आता. वर्ष-दोन वर्षं कोण हलवत नाही तुम्हाला. तोवर सवय होईल."

"कसली सवय?"

तू सांगितलं नाहीस. मला कळलं, पण कळलं असं दाखवलं नाही. आणि घराचं तर सांगूच शकलो नाही. काय सांगणार होतो? अगं, तू बांधून ठेवलेलं मी सोडून दिलं, एका शब्दाच्या रागावर? तुला दम नव्हता. दुपारी तू गेलीस. तू जाताना निश्चिंत होतीस, असं सगळे म्हणतात. पोरगी म्हणते, वकीलबाई म्हणते. मी मान डोलावतो. तुझं निश्चिंत असणं मी कसं फुकट घालवलं होतं ते मला एकट्याला माहीत.

तेरावं झालं. पोरगी हुबळीला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, चला तिकडे." दोन खोल्या, तिची सासू, दोन पोरं. मी म्हटलं, येतो येतो. ती म्हणाली, "आईही येते येते म्हणत राहिली, तसं नका करू." तिने दार लोटलं आणि पोस्टमन आला.

दुसरी नोटीस. तुझ्या नावावर. पोस्टमनला काही माहीत नव्हतं, नवा होता. "अक्का इल्लवा?" म्हणाला, म्हणजे घरात नाहीत का. मी हात पुढे केला आणि घेतली. सही केली. तुझं नाव बघून घरात ठेवून घ्यावंसं वाटलं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

वकीलबाईकडे गेलो. तिने वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मास्टर, खालचं घर. चुकीचे महिने गाळलेत. पाच तारीख धरलीय. सोडायची मुदत श्रावणातली. त्यांना कोणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. तिने परत विचारलं नाही. तुझ्या वयाची असती तर दोन शब्द ऐकवले असते.

मग तिने कागद उलटा केला, सुलटा केला, आणि हळू म्हणाली, "पण नोटीस अक्कांच्या नावावर आहे. त्यांना माहीत नाही त्या गेल्याचं?"

रवी परदेशात. नोटीस त्याच्या वकिलाने पाठवलेली. कोण सांगणार?

"मग ही पहिलीपेक्षा मोठी चूक आहे, मास्टर. गेलेल्या माणसाला नोटीस दिली तर ती नोटीसच नाही. त्यांच्यावर केस घातली तर ती केसच नाही. रवीच्या वकिलाला कोर्टात जाऊ द्या. तोवर तुम्ही सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"अक्का गेल्याचं. खोटं बोला म्हणत नाही मी. गप्प बसा म्हणते."

घरी आलो. तुझा फोटो पुढच्या खोलीत लावला होता, माळ घालून, रस्त्यावरून दिसायचा. तो काढून आत नेला. खिळा तसाच राहिला. शेजारच्यांनी गल्लीच्या तोंडावर तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून वर्गणी काढली होती, त्यांना म्हटलं, नको. ते म्हणाले, मास्टर पहिल्यापासून चिक्कू. म्हणू देत. एका बाईने येऊन विचारलं, अक्कांकडे ब्लाउजला हेम घालायला दिलं होतं. मी म्हटलं, थांबा, बघतो. आत जाऊन उभा राहिलो. तू केलेलं होतंस, घडी घालून ठेवलेलं. आणून दिलं. ती म्हणाली, अक्कांना सांगा, छान झालंय. मी म्हटलं, सांगतो.

असे दिवस काढले मी आषाढात. रडायलासुद्धा मागच्या खोलीत जायचं.

मधे घर बघायलाही गेलो, बनशंकरीच्या बाजूला. म्हटलं, उगाच बचाव नको, आपणच जावं. मालक चांगला माणूस दिसला, पाणी दिलं. "घरात कोण कोण?" मी म्हटलं, मी आणि मशीन. त्याने तोंड वाकडं केलं. "सॉरी अंकल, आम्ही फॅमिलीला देतो. बॅचलरना देत नाही." चौऱ्याहत्तराव्या वर्षी बॅचलर! बाहेर येऊन मी बसस्टॉपवर बसलो आणि हसलो. तुला कधी एकदा सांगतो असं झालं. बस आली, चढलो, खिडकीशी जागा मिळाली, तोवर विसरलोच होतो की सांगायला घरात कोणी नाही.

आषाढ संपायला तीन दिवस असताना रवी आला.

सकाळी दहा-साडेदहाला. मी बटणं लावत होतो. चप्पल दाराबाहेर काढून आत आला, अज्जी असतानाची सवय. हातात पिशवी. "मास्टर, ती पँट तिकडे बरोबर बसली." मग आत डोकावला. "अक्का एल्ली? कुठे आहेत? काफीचा वास नाही."

माझ्या तोंडात दोरा होता. वकीलबाईचं सगळं आठवलं. मी म्हटलं, "आषाढ आहे ना. माहेरी गेलीय."

तो असा हसला! "काय मास्टर, या वयात आषाढाचं माहेर? नव्या नवरीसारखं? भांडण केलंत ना?"

मीही हसलो. अगं, मी हसलो. तो मोडकळीला आलेल्या स्टुलावर बसला आणि पिशवीतून एक ट्यूब काढली. "गुडघ्याला लावायची. तिकडे सगळे म्हातारे हीच लावतात. अक्काला सांगा, नोटीस वगैरे वेगळं, हे वेगळं. अम्मा गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस अक्काने तिला भरवलं, मी विसरलो नाही. परत कधी येणार?"

श्रावणात, एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. म्हटलं असतं तर तो उठून गेला असता, वकील कोर्टात गेला असता, तुझ्या नावावर केस लागली असती, पडली असती, मला वर्षभर तरी घर राहिलं असतं. त्या वर्षभरात जो येईल त्याला तू खानापुरात आहेस असं सांगायचं. खानापुरात तुझं कोण उरलंय? तुझा भाऊ गेला, ते घरही दुसऱ्याचं झालं. कुठे ठेवू मी तुला तिथे?

मी ट्यूब हातात घेऊन बसलो. तो म्हणाला, "मास्टर?"

"रवी, ती गेली. महिना होत आला."

त्याला आधी कळलं नाही. कुठे गेली, म्हणाला. मग कळलं. स्टुलावरून उठला, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, मी आतून फोटो आणून दिला. तो फोटो मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसला आणि रडला, पोरासारखा. "मला फोन का नाही केलात? मला का नाही सांगितलंत?" परत परत तेच. मी म्हटलं, "वकीलबाईने सांगू नको सांगितलं होतं." तेही सांगून टाकलं. एवढं झाल्यावर आत काय ठेवायचं? फोटो मी त्याच्याच हाताने खिळ्याला लावून घेतला, त्याचा हात पोचतो.

वकीलबाईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्टर, आता माझ्याकडे काही नाही की हो." रागावली असती तर बरं झालं असतं.

तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. पहिल्या वेळचं माहीत आहे. पहिल्या वेळी तू मला सोडलं नसतंस, आणि बरोबर होतं, मी तुझ्या अंगावरचं काढून माझी लाज झाकली. त्याची माफी मागायची होती, ती इथे चारचौघांच्या अंकात मागतो. चुका तू काढल्या होत्यास. मी नाही. दुसऱ्या वेळचं मात्र तू सांग. घर राखायचं की तुला गेलेली म्हणायचं, या दोन्हींतलं तू कुठलं म्हणाली असतीस? मी रोज विचारतो. कधी वाटतं म्हणशील, "मूर्ख आहात, वर्षभर माहेरी ठेवलं असतं तर मी काय तक्रार करणार होते?" कधी वाटतं म्हणशील, "बरं केलंत." मला तुझा आवाज दोन्हींना लावता येतो. त्यामुळे उपयोग होत नाही.

परवा तिसरी आली. रवीचीच. रडला ते खोटं नव्हतं, ही पण खोटी नाही. त्याला बांधायचंय. यावेळी नोटीस माझ्या नावावर आहे. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी धाटणीच्या कागदावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पोस्टमनने विचारलं, तुम्हीच ना? मी म्हटलं, मीच.

मी तुझा चष्मा लावून बसलो, माझ्यापेक्षा तुझ्यातून स्पष्ट दिसतं. करार बाजूला ठेवला, पावत्या मांडल्या, तू मांडायचीस तशा. एकेक अक्षर लावत गेलो. घर खालचं. तारीख बरोबर. थकबाकीचा आकडाच काढून टाकलाय, नुसतं खाली करा म्हटलंय. दोन दुपारी बसलो. वकीलबाईनेही बघितली, म्हणाली, यात काही सापडत नाही, मास्टर.

एका ठिकाणी माझं बोट अडतं. पहिल्याच ओळीत, माझ्या नावानंतर, तुझं नाव आहे आणि त्याच्या आधी ‘लेट’, म्हणजे कैलासवासी, लिहिलंय. मला तेवढंच चुकलेलं वाटतं. वकीलबाईला दाखवलं. ती म्हणाली, ते बरोबर आहे.